भंडारदऱ्यात होमस्टे टाकायचाय? आधी रिकामे दिवस मोजा

मे अखेरची गर्दी बघून बरेच जण विचारतात, "सर, भंडारदऱ्याला होमस्टे टाकू का?" गर्दी खरी आहे. पण ती वर्षातून किती रात्री असते?

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. आपलं सुट्टीचं गाव म्हणजे अकोले तालुक्यातलं भंडारदरा. प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, जवळच १६४६ मीटरचं कळसूबाई, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, सांदण दरी.

गिऱ्हाईक कधी येतं?

- मे अखेर ते मध्य जून: काजवे. पाऊस जोरात लागला की हा सीझन संपला.
- पावसाळा: धबधबे. गर्दी मुख्यतः शनिवार-रविवारी.
- हिवाळा: ट्रेक, तंबू, दिवाळी आणि नाताळ.
- मार्च-एप्रिल: शेतीच्या आवर्तनाला पाणी सुटतं, धरणाचा काठ उघडा पडतो.

गुहागरला उन्हाळ्यात समुद्र जागेवरच असतो, मंदी येते ती पावसाळ्यात. म्हणून कोकणातल्या पाहुण्याचं बघून इथलं गणित मांडू नका.

आता हिशोब (फक्त उदाहरण)

३ खोल्या, भाडं १,५०० रुपये, वर्षात ८० रात्री फुल्ल. एकूण ३,६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी ३०,०००. आता खर्च: कर्जाचा हप्ता १५,०००, एक कामगार ८,०००, लाईट-पाणी २,०००. हातात राहिले ५,०००. दुरुस्ती आणि जाहिरात अजून धरलीच नाही! जूनमध्ये गल्ला भरलेला दिसतो, पण त्यातला मोठा भाग एप्रिलच्या हप्त्याचा असतो. असा गल्ला बघून पुण्यातली नोकरी सोडू नका.

मग करायचं काय?

१. सीझनचे पैसे आले की आधी ६ महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात टाका.

२. नवीन बांधण्याआधी घरातल्याच एक-दोन खोल्यांवर सुरुवात करा. हप्ता नसेल तर मंदी मारत नाही.

३. खोली रिकामी असतानाही विकला जाईल असा माल ठेवा: अकोल्याचा तांदूळ, मध, नाचणीचे पदार्थ.

४. बाहेरून जाऊन जागा घेताय? सातबारा नीट बघा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकत काय, भाडेपट्ट्यानंही घेता येत नाही. शिवाय हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, वनविभागाचे नियमही विचारून घ्या.

आजचा गृहपाठ: कॅलेंडर घ्या, ज्या रात्री खोली नक्की भरेल त्यावर खूण करा. त्या रात्रींच्या भाड्यात वर्षाचा खर्च निघत असेल, तरच बँकेत जा.