नोंद गेली कुठे?

2009 मध्ये डेटाबेस सर्व्हर सांभाळायच्या कामाला लागलो. तेव्हापासून रात्री-अपरात्री आलेल्या फोनवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच : "सर्व्हर पडून परत उठलाय, पण एरर लॉगमध्ये काहीच नाही." आज मागे वळून पाहतो तेव्हा जाणवतं, की नोंद मुळात लिहिलीच गेली नाही असं फार थोड्या वेळा झालं. बहुतेकदा ती होती, फक्त आपण शोधत होतो तिथे नव्हती. आणि ती कुठे सापडायची, हे दर काही वर्षांनी बदलत गेलं.

सुरुवात मायएसक्यूएल 5.1 वर झाली. तेव्हा 'फ्लश लॉग्ज' ही कमांड दिली की सर्व्हर चालू एरर लॉगच्या नावाला 'ओल्ड' असं शेपूट जोडायचा आणि नवी कोरी फाइल उघडायचा. कमांड एकदा दिली तर काही बिघडत नसे. दुसऱ्यांदा दिली की ती कोरी फाइलच 'ओल्ड' व्हायची आणि आधीची कायमची जायची. आमच्या रात्रीच्या बॅकअपमध्ये मायएसक्यूएलडंपला सगळे डेटाबेस एकदम घ्यायला सांगितलं होतं आणि सोबत फ्लशचा पर्याय लावला होता. हा पर्याय प्रत्येक डेटाबेसमागे एकदा फ्लश करतो, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. बाराच्या सुमाराला क्रॅश झाला, तर दोनच्या बॅकअपनंतर त्याची एक ओळही उरत नसे. 5.5.7 पासून सर्व्हरने हे नाव बदलणं बंद केलं. ते योग्यच झालं, पण जुना लॉग बाजूला काढायचं काम तेव्हापासून आपल्याकडे आलं.

ते काम अर्धवट केलं की काय होतं, हे मी एका ठिकाणी अगदी जवळून पाहिलं. डिस्क भरत आली म्हणून कुणीतरी फुगलेली एरर लॉगची फाइल उडवली आणि त्याच नावाची रिकामी फाइल बनवून ठेवली. सर्व्हर चालूच होता. लिनक्सवर चालू प्रोसेस फाइलच्या नावाला धरून बसत नाही, उघडलेल्या फाइलला धरून बसते. त्यामुळे नाव गेलं तरी सर्व्हर त्या बिननावाच्या फाइलमध्ये लिहीतच राहिला, आणि आम्ही नव्या फाइलचा आकार शून्य बाइट बघत बसलो. डिस्कवर जागाही मोकळी झालेली नव्हती. तीच खूण होती, पण ती कुणी वाचली नाही. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "सर, रिस्टार्ट करून बघू का?" त्याचा हात कीबोर्डवर होता. मी त्याला थांबवलं, कारण रिस्टार्ट झाला असता तर फाइल बंद झाली असती आणि आतलं सगळं त्या क्षणी गेलं असतं. एलएसओएफ चालवलं. लॉगच्या जुन्या नावापुढे कंसात 'डिलीटेड' असं लिहून आलं. मग 'प्रॉक'मध्ये त्या प्रोसेसच्या खाली दोन नंबरचा एफडी होता, तो दुसऱ्या फाइलमध्ये उतरवून घेतला. तीन आठवड्यांच्या नोंदी सापडल्या. एक टेबल खराब झालंय, दुरुस्त करा, असं सर्व्हर त्यात पुन्हा पुन्हा सांगत होता.

त्याच सुमाराला डेबियनच्या सर्व्हरांवर वेगळीच अडचण होती. तिथल्या तयार सेटिंगमुळे एरर सिसलॉगमध्ये जायचे आणि एरर लॉगची फाइल रिकामी पडून राहायची. एकदा माहीत झालं की प्रश्न मिटत असे.

2015 मध्ये 5.7 आलं आणि घड्याळ बदललं. तोपर्यंत नोंदीवर सर्व्हरची स्थानिक वेळ पडायची. आता ती मुळातच यूटीसी झाली. साडेतीनला तक्रार आली म्हणून साडेतीनच्या आसपास शोधणाऱ्याला काहीच दिसेना, कारण ती नोंद दहाच्या शिक्क्याखाली होती. साडेपाच तासांचा हा फरक आपल्याकडे अनेकांनी 'लॉग हरवला' म्हणून सहन केला. वेळ बदलून घेण्याचं सेटिंग आहे, पण मी ते तसंच ठेवतो. निरनिराळ्या देशांतले सर्व्हर एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर एकच वेळ बरी पडते.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते 2018 च्या 8.0 ने. 5.7 मध्ये लॉग किती बोलका असावा याचा आकडा मुळात 3 होता, म्हणजे एरर, इशारे आणि साध्या टिपा, सगळंच. 8.0 मध्ये तो 2 झाला. मध्येच तुटलेली कनेक्शनं आणि चुकीच्या पासवर्डमुळे नाकारलेले प्रवेश हे दोन्ही टिपांमध्ये मोडतात. अपग्रेडच्या दुसऱ्या दिवसापासून ते दिसेनासे झाले. एका टीमने तर आठवड्याच्या अहवालात समाधानाने लिहिलं की पासवर्ड चुकण्याचे प्रकार थांबले. थांबलं काहीच नव्हतं, सर्व्हर सांगायचा थांबला होता. लॉगची शांतता ही सर्व्हरची तब्येत म्हणून वाचली जाते, याची मला आजही काळजी वाटते.

इतर डेटाबेसांतही हेच, फक्त कारणं वेगळी. एसक्यूएल सर्व्हर चालू लॉगखेरीज मुळात 6 जुने लॉग ठेवतो आणि प्रत्येक रिस्टार्टला एक पुढे सरकवतो. घाबरून सात वेळा रिस्टार्ट केलं की मूळ बिघाडाची फाइल यादीबाहेर जाते. शिवाय त्या फाइली यूटीएफ-16 मध्ये असतात. साध्या ग्रेपने शब्द शोधला तर समोर असलेली ओळही सापडत नाही. पोस्टग्रेसच्या रेडहॅट पॅकेजमध्ये फाइलला वाराचं नाव असतं, म्हणून या सोमवारचा लॉग मागच्या सोमवारच्या लॉगवर लिहिला जातो. त्याच पोस्टग्रेसची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. त्याचा लॉग गोळा करणारा भाग नोंद कधीच टाकून देत नाही. गर्दी झाली तर लिहिणाऱ्या प्रोसेसला ताटकळत ठेवतो. सिसलॉग अशा वेळी नोंद सोडून देणं पसंत करतो. सर्व्हर क्षणभर अडला तरी चालेल पण नोंद हवी, असं ज्यांना वाटतं त्यांच्या बाजूचा मी आहे.

म्हणून हल्ली नवा सर्व्हर ताब्यात आला की कुठलीही फाइल उघडून वाचण्याआधी बोलकेपणाचा आकडा 3 करतो आणि मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून आत शिरायचा प्रयत्न करतो. परवाही केला. भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे 5:42 झाले होते. लॉगच्या तळाशी प्रवेश नाकारल्याची ओळ उमटली, वेळ 12:12.