छावणीतील खाटेची उंची

शाळामास्तराने स्मरणिकेत खाटेवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. परंतु मुलांच्या स्काऊट छावण्या, आणि अलीकडे चार कुटुंबांनी मिळून आंबोली-दांडेलीकडे तंबूत मुक्काम करण्याची वाढलेली हौस, यांमुळे हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या दाराशी आलेला आहे. शिवाय या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती आधी सांगतो.

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही अब्बांना घेऊन असेच दोन दिवस बाहेर राहिलो होतो. आमची राहुटी बुटकी. तीत घडीची खाट नीट बसेना, म्हणून मी निघण्यापूर्वी तिचे पाय कापून ती ७ इंचांवर आणली आणि स्वतःच्या सुतारकामावर खूष झालो. रात्री अब्बांना बाहेर जायचे होते. गुडघ्यांचे दुखणे जुने. इतक्या खालून उठवेना. त्यांनी आधारासाठी तंबूचा खांब धरला, तो सुटला, आणि तंबूसह ते खाली आले. मनगट महिनाभर सुजलेले होते. हाक का मारली नाही, असे विचारले तर म्हणाले, "तुमची झोप मोडली असती."

आता कारण पाहू. माणूस बसला असता मांड्या जमिनीला समांतर आणि तळपाय पुरे टेकलेले असले, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो. बैठक त्याखाली जसजशी जाईल तसतसे शरीर अधिक उचलावे लागते आणि तो सारा ताण गुडघ्यांवर पडतो. म्हणून वडील माणसाची खाट त्यांना प्रत्यक्ष बसवूनच मापावी. मोकळ्या खाटेचे माप फसवते, कारण कापडाला बसल्याबरोबर दोन-तीन इंच झोळ पडतो. पुरुषांना बहुधा १७-१८ इंच जमतात, स्त्रियांना त्याहून एक-दोन इंच कमी. मुलांची गोष्ट निराळी. ती झोपेत लोळतात, त्यांना ७-८ इंचच बरे.

पण तंबूचे म्हणणे याच्या उलट असते. दोन उतारांची, कनात नसलेली राहुटी घ्या: जमिनीवर रुंदी ८४ इंच, मधली उंची ६० इंच. नववीतला मुलगाही समरूप त्रिकोणांवरून सांगेल की, १८ इंच उंचीवर तिची रुंदी सुमारे ५९ इंच उरते. २६ इंची दोन खाटा म्हणजे ५२ इंच; तेव्हा खाटा बसल्या असे वाटते. परंतु खाटेवर माणूस निजला की त्याचे अंग आणखी १० इंच वर येते, आणि २८ इंचांवर रुंदी उरते अवघी ४५. म्हणजे दोघांचेही बाहेरचे खांदे कापडाला लागणार. सुती कापडाच्या तंबूला पावसात आतून अंग लागले की नेमके तेथूनच पाणी झिरपू लागते. नायलॉनच्या तंबूत आपल्याच श्वासाचे दव कापडावर साचून पांघरूण ओले होते. तीच खाट ७ इंचांवर आणा, अंगाची पातळी १७ इंचांवर येते आणि तेथे रुंदी ६० इंच मिळते. माझा हिशेब बरोबर होता. फक्त निजणारा कोण, हे मी हिशेबात धरले नव्हते.

यावर माझे मत असे की, बुटक्या राहुटीत थोरांना निजवूच नये. उभ्या कनातीच्या तंबूत, जेथे कडेलाही तीन-चार फूट उंची असते, तेथे १८ इंची खाट निर्धास्त लावावी. राहुटी मुलांना आणि आपल्याला.

एकच खाट दोन्हीकडे हवी असेल तर पाय कापू नयेत. बुटकी खाट घेऊन तिला वरचे पाय जोडावेत. हल्ली अ‍ॅल्युमिनियमच्या काही खाटांना असे जोडपाय मिळतातही. नळीच्या पायांना सुतार-लोहाराकडून घट्ट बसणाऱ्या नळ्यांचे तुकडे करून घेता येतात, खाली रबरी टोप्या घालून. कैचीसारखे एकमेकांना छेदणारे पाय असतील तर जरा विचार करावा. खाटेवर भार आला की कापड ताणते आणि हे पाय किंचित बाहेर सरकतात. म्हणून खाली नुसत्या विटा ठेवल्या तर त्या कलंडतात. एका जोडीचे दोन्ही पाय बसतील अशा दोन खाचा पाडलेली एकच जाड फळी घ्यावी. काही जण पाय जवळ ओढून उंची वाढवतात. उंची वाढते खरी, पण वरचे दांडेही जवळ येतात, कापड सैल पडते आणि निजणारा झोळीत गेल्यासारखा होतो. मधली जोडी उचलायची पुष्कळदा राहून जाते. चार कोपरे वर आणि मध्य अधांतरी, म्हणजे दांडा मोडलाच समजा. २० इंचांच्या वर मी कधी जात नाही, खाट डगमगू लागते.

फळ्यांचा दुसराही उपयोग आहे. तंबूला शिवलेली जमीन असेल तर ती फाटत नाही, आणि ओल्या मातीत एक पाय रुतून खाट तिरकी होत नाही.

उंच खाटेत थंडी जास्त लागते, ही तक्रार खरी आहे. खालून वारा फिरतो, आणि अंगाखाली दबलेले पांघरूण ऊब धरून ठेवू शकत नाही. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास आहे, डिसेंबरातली पहाट चांगलीच झोंबते. दोन घोंगड्या असतील तर एक खालीच घालावी. मुले नेहमी दोन्ही वर ओढतात आणि कुडकुडतात.

अब्बांच्या खाटेला आता तीन फळ्या आहेत. मधल्या फळीवर त्यांनी स्वतः खडूने "मध्य" असे लिहून ठेवले आहे, माझा भरवसा नाही म्हणून.