विवाहावर उभा असलेला व्हिसा

निलंगा, औसा, उदगीर, लातूर या आपल्या भागातील व्यापारी घरांतील मुले पूर्वी शिक्षणासाठी फार तर सोलापूर-पुण्यापर्यंत जात. आज आडत दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या वडिलांचा मुलगा अमेरिकेत संगणक अभियंता असतो आणि कापड व्यापाऱ्याची कन्या विवाहानंतर लंडन किंवा मेलबर्नला संसार थाटते. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत ‘परदेशी नोकरी’ हे शब्द दिसले की स्थळाकडे विशेष लक्ष जाते. गोत्र, शिक्षण, वेतन, घर, आहाराचे नियम या सर्वांची आपण बारकाईने चौकशी करतो. परंतु एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: आपली मुलगी ज्या व्हिसावर जाणार आहे, तो कशावर उभा आहे?

बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘विवाहावर’ असे असते. विवाह टिकला तोवर हा प्रश्न कोणाला पडत नाही. दुर्दैवाने तो मोडला, तर पती-पत्नीच्या नात्याबरोबर त्या देशात राहण्याचा, नोकरी करण्याचा आणि कधी कधी स्वतःच्या मुलांजवळ राहण्याचा अधिकारही हातातून जाऊ शकतो. विषय अप्रिय आहे, म्हणूनच त्यावर शांतपणे बोलणे आवश्यक आहे.

अमेरिका: हुकुमाचा दिवस महत्त्वाचा

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांना एच-४ व्हिसा मिळतो. हा अवलंबितांचा व्हिसा आहे. मूळ व्हिसाधारक ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत विशिष्ट टप्प्यावर पोहोचला असेल, तर एच-४वरील जोडीदाराला नोकरीचा परवानाही मिळू शकतो. ही सोय २०१५ पासून आहे. पती-पत्नी वेगळे राहू लागले, तरी कायद्याने विवाह अस्तित्वात असेपर्यंत एच-४ सहसा टिकतो. घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की मात्र त्याचा आधारच संपतो आणि नोकरीचा परवानाही त्याबरोबर जातो.

येथे एक गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. घटस्फोटानंतर मुलांचा एच-४ वडिलांच्या नात्याने कायम राहतो, आईचा राहत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत पतीसोबत अवलंबित म्हणून वर्षानुवर्षे थांबलेल्या पत्नीचा अर्ज मंजुरीपूर्वी घटस्फोट झाल्यास पुढे जात नाही. म्हणून विद्यार्थी व्हिसा असो वा स्वतःच्या नोकरीवरचा व्हिसा, दुसरा मार्ग शोधण्याचे काम अंतिम हुकुमाच्या आधी व्हावे लागते. हुकूम हाती आल्यावर वकिलाकडे गेल्यास बहुतेक दारे बंद झालेली असतात.

अमेरिकन नागरिकाशी विवाह केलेल्यांचे वेगळे आहे. विवाहास २ वर्षे होण्याआधी कायम वास्तव्य मिळाले, तर ते २ वर्षांपुरते सशर्त असते आणि मुदत संपण्यापूर्वी दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. मधल्या काळात घटस्फोट झाला, तरी विवाह प्रामाणिक हेतूने केला होता हे सिद्ध करून एकट्याने अर्ज करता येतो. अशा वेळी एकत्र बँक खाते, भाडेकरार, विमा, छायाचित्रे हे सारे पुरावे उपयोगी पडतात.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया: संबंध संपल्याचा दिवस महत्त्वाचा

या दोन देशांत न्यायालयाच्या हुकुमाची वाट पाहिली जात नाही. दोघांचे वैवाहिक जीवन प्रत्यक्षात चालू आहे का, हे तेथे पाहिले जाते. ब्रिटनमध्ये संबंध तुटल्याचे शासनास कळवावे लागते, आणि त्यानंतर व्हिसाची उरलेली मुदत ६० दिवसांवर आणली जाऊ शकते.

ऑस्ट्रेलियात जोडीदाराला आधी तात्पुरता व्हिसा मिळतो आणि अर्जाच्या तारखेपासून साधारण २ वर्षांनी कायम व्हिसाचा विचार होतो. मध्यंतरी संबंध तुटले, तर कायम व्हिसा सहसा मिळत नाही. त्याला ठळक अपवाद आहेत: कौटुंबिक हिंसा झाली असल्यास, दोघांना अपत्य असल्यास किंवा व्हिसा पुरस्कृत करणारा जोडीदार मरण पावल्यास अर्ज पुढे चालू शकतो. छळ सोसणाऱ्या जोडीदारासाठी ब्रिटन आणि अमेरिकेच्या कायद्यांतही स्वतंत्र तरतुदी आहेत. ‘तक्रार केलीस तर तुझा व्हिसा जाईल’ ही धमकी ऐकून गप्प बसणाऱ्या प्रत्येक मुलीला हे माहीत असले पाहिजे.

आपल्याला कोणता कायदा लागू?

जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. तेव्हापासून ‘आता आपल्याला हिंदू विवाह कायदा लागू नाही’ असा एक समज अधूनमधून ऐकू येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने याच कारणावरून एका जैन दांपत्याचा सहमतीच्या घटस्फोटाचा अर्ज फेटाळला होता. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने तो आदेश रद्द केला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमातच जैनांचा उल्लेख आहे. अल्पसंख्याक दर्जामुळे त्यात बदल झालेला नाही.

म्हणून निलंग्यात धार्मिक विधींनी झालेला आपला विवाह याच कायद्याखाली येतो, दांपत्य पुढे कोठेही राहो. विभक्त पत्नी माहेरी राहत असेल, तर ती राहते त्या भागातील न्यायालयात तिला अर्ज करता येतो. सहमतीच्या घटस्फोटासाठी दोघे किमान १ वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. अर्जानंतरची ६ महिन्यांची प्रतीक्षा योग्य कारण असल्यास न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. पक्षकार परदेशी असल्यास दृक्-श्राव्य माध्यमातून किंवा आईवडिलांसारख्या निकटच्या आप्तांमार्फत उपस्थितीची सोयही त्या निकालात सुचवली आहे.

परदेशी हुकूम: कच्ची पावती की पक्की?

सर्वाधिक गुंतागुंत येथे होते. १९९१ चा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या बाबतीत पायाभूत मानला जातो. १९७५ मध्ये तिरुपतीला विवाह झालेल्या या दांपत्यातील पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या न्यायालयातून घटस्फोट मिळवला आणि भारतात येऊन दुसरा विवाह केला. पहिल्या पत्नीने द्विभार्येची तक्रार केली. मिसुरीचा तो हुकूम भारतात मान्य होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

विवाह ज्या कायद्याखाली झाला, त्या कायद्याला मान्य कारणावर आणि त्या कायद्यानुसार अधिकार असलेल्या न्यायालयाने दिलेला हुकूमच येथे चालतो, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. प्रतिवादी त्या देशात कायम वास्तव्यास असेल, त्याने स्वेच्छेने तेथे खटला लढवला असेल किंवा घटस्फोटास संमती दिली असेल, तर हुकूम मान्य होण्यास वाव राहतो. मात्र पहिल्या दोन प्रसंगी घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यातीलच असावे लागते. एकतर्फी हुकूम ही आपल्या व्यापारी भाषेत कच्ची पावती आहे.

म्हणून माहेरी आलेल्या मुलीच्या नावे परदेशी न्यायालयाची नोटीस आली, तर ती कपाटात ठेवून देऊ नये आणि घाईने उत्तरही पाठवू नये. उत्तर दिल्याने आपण त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला, असा अर्थ निघू शकतो. मौन राखल्यास एकतर्फी निकाल लागू शकतो. आधी वकिलाचा सल्ला, मग पुढचे पाऊल.

पुनर्विवाह आणि नवा व्हिसा

पुनर्विवाहाकडे आज आपला समाज पूर्वीपेक्षा मोकळ्या मनाने पाहतो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु नवा संसार परदेशी थाटायचा असेल, तर पहिला विवाह दोन्ही देशांच्या दृष्टीने संपलेला असला पाहिजे. परदेशी दफ्तरी घटस्फोटित आणि भारतीय कायद्याने विवाहित अशी अवस्था असेल, तर येथे केलेला दुसरा विवाह अवैध ठरू शकतो, द्विभार्येचा गुन्हा घडू शकतो आणि त्या विवाहावर मागितलेला व्हिसाही अडचणीत येतो.

आपल्या कायद्याच्या १५व्या कलमानुसार अपिलाचा अधिकार संपल्यावर किंवा अपील फेटाळल्यावरच पुन्हा विवाह करावा. मुहूर्त धरण्याआधी अपिलाची मुदत संपल्याची खात्री वकिलाकडून करून घ्यावी. जुन्या विवाहावर मिळालेला अवलंबित व्हिसा नव्या जोडीदाराच्या नावे आपोआप वळत नाही. अर्ज नव्याने करावा लागतो आणि त्यास घटस्फोटाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. हुकूम मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतरही लागते.

स्थळ पाहताना समोरच्याच्या पहिल्या विवाहाचा व्हिसा-इतिहासही विचारावा. ऑस्ट्रेलियात एक व्यक्ती सामान्यतः आयुष्यात दोनदाच जोडीदारास पुरस्कृत करू शकते, आणि त्या दोहोंत ५ वर्षांचे अंतर लागते. अमेरिकेत विवाहाद्वारे ग्रीन कार्ड मिळवलेल्या व्यक्तीने ते कार्ड मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत नव्या जोडीदारासाठी अर्ज केला, तर पहिला विवाह खरा होता हे ठोस पुराव्याने सिद्ध करावे लागते. यात अपमान मानण्यासारखे काही नाही.

मुले आणि घाईची परतभेट

संकटात आईवडील म्हणतात, ‘बाळाला घेऊन सरळ घरी ये.’ माया खरी, पण सल्ला धोक्याचा ठरू शकतो. दुसऱ्या पालकाच्या संमतीविना मूल देशाबाहेर नेणे अनेक देशांत गंभीर मानले जाते. बालकांच्या अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे असे वाद येथील न्यायालयांत दीर्घकाळ चालतात. शिवाय अवलंबित व्हिसावरील आई एकदा बाहेर पडली, की परतण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. छळ होत असेल तर जीव वाचवणे हेच प्रथम कर्तव्य. परंतु शक्य तेथे स्थानिक पोलीस, निवारा केंद्र, भारतीय दूतावास आणि वकील यांची मदत घेऊनच निर्णय व्हावा. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय विवाहांच्या तक्रारींसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे.

विवाहापूर्वीच करावयाचे

विवाहाची नोंदणी महाराष्ट्रात ९० दिवसांच्या आत करावी आणि प्रमाणपत्राची एक प्रत माहेरी ठेवावी. पारपत्र, व्हिसा, पदवी यांच्या प्रती मुलीच्या स्वतःच्या ताब्यात आणि पालकांकडेही असाव्यात. वराच्या व्हिसाचा प्रकार, मुदत आणि त्यावर पत्नीला नोकरी करता येते का, हे साखरपुड्यापूर्वी कागदावर पाहावे. मुलीचे स्वतःच्या नावाचे बँक खाते असावे आणि तिचे शिक्षण विवाहाबरोबर थांबू नये. उद्या तिला स्वतःच्या पायावर व्हिसा मागायची वेळ आली, तर तेच शिक्षण तिची खरी पुंजी ठरेल.

उधारीवर माल देताना आपण समोरच्याची पत पाहतो आणि त्याचा राग कोणी धरत नाही. मुलगी सातासमुद्रापार पाठवताना व्हिसाचा कागद पाहण्यातही संकोच नसावा.