क्रोमच्या मुलाम्यातील भेगा

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उद्यमबाग, पिरनवाडी आणि मच्छे ओळीने लागतात, आणि ओतकाम, यंत्रकाम व हायड्रॉलिक सामग्री यांसाठी नावाजलेल्या या पट्ट्यात पिस्टन रॉड ही नित्याची वस्तू आहे. तेलाच्या दाबाने सिलिंडरमधून आत-बाहेर सरकणारा हा पोलादी दांडा जेसीबीच्या हातापासून ट्रॉली उलटवणाऱ्या यंत्रणेपर्यंत सर्वत्र असतो, आणि त्यावर साधारणतः 20 ते 25 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही पातळ, क्रोमचा कठीण मुलामा चढवलेला असतो. डोळ्यांना आरशासारखा अखंड दिसणारा हा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात दर सेंटिमीटरला शेकडो बारीक भेगांचे जाळे आढळते, आणि ते कारागिराच्या हलगर्जीपणामुळे नव्हे, तर मुलामा चढवण्याच्या रीतीमुळेच निर्माण झालेले असते.

क्रोमिक आम्ल आणि थोडे गंधकाम्ल यांच्या सुमारे 50 ते 60 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात दांडा बुडवून वीज सोडली की क्रोम त्यावर बसू लागतो; मात्र विजेचा जेमतेम पाचवा भागच, बहुधा त्याहूनही कमी, या कामी येतो आणि उरलेल्यातील बरीचशी वीज हायड्रोजन वायू निर्माण करण्यात खर्ची पडते. त्यातील काही हायड्रोजन क्रोमशी संयोग पावून हायड्राइड नावाचे अस्थिर संयुग बनवतो, ते लवकरच विघटित होते, हायड्रोजन निघून जातो आणि थर आक्रसू पाहतो. खालचे पोलाद मात्र आक्रसत नाही, आणि थर त्याला घट्ट चिकटलेला असल्याने त्यात ओढीचा ताण साठत जातो. अशा ताणाने धातूची पट्टी वाकते आणि त्या वाकण्यावरून ताण मोजता येतो, हे स्टोनी या संशोधकाने 1909 मध्येच दाखवून दिले होते.

ताण आहे म्हणून भेग पडतेच असे नाही. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये मांडलेल्या विचारानुसार भेग पुढे सरकण्यासाठी दोन नवे पृष्ठभाग उघडण्याचा खर्च भागावा लागतो, आणि तो ताणामुळे साठलेल्या ऊर्जेतूनच भागतो. पातळ थराच्या बाबतीत हा हिशेब मोठा रंजक होतो, कारण भेग ठराविक अंतर पुढे जाण्यासाठी लागणारा खर्च जाडीच्या प्रमाणात वाढतो, तर मोकळी होणारी ऊर्जा जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून प्रत्येक मुलाम्याला एक मर्यादा-जाडी असते, जिच्या आत तो ताण सोसूनही अखंड राहतो. ताण दुप्पट झाला, तर ही सुरक्षित जाडी चौथाईवर येते. नळांवर आणि मोटारींवर दिला जाणारा शोभेचा नेहमीचा क्रोम सुमारे अर्ध्या मायक्रॉनपर्यंत भेगांवाचून टिकतो आणि त्यापुढे तडकू लागतो, यामागेही हेच गणित आहे.

पहिली भेग पडली की तिच्या दोन्ही कडांपाशी, जाडीच्या काही पट अंतरापर्यंत, ताण सैल होतो, म्हणून लगतची समांतर भेग त्याहून जवळ सहसा पडत नाही. नंतर आलेली भेग जुन्या भेगेजवळ पोहोचताना बहुधा काटकोनात वळून तिथेच थांबते, कारण जुन्या कडेला लंब असलेला ताण आधीच संपलेला असतो. पाणी आटलेल्या भातखाचरातील चिखलाच्या भेगाही याच नियमाने पडतात, आणि तेथे कोणती भेग कोणत्या भेगेला येऊन टेकली आहे हे पाहून त्यांचा आधी-नंतरचा क्रमही लावता येतो.

हार्ड क्रोमचे, म्हणजे पिस्टन रॉडवरील कठीण मुलाम्याचे, वैशिष्ट्य असे की, थर तडकल्यावरही प्लेटिंग चालूच राहते, नवा थर जुन्या भेगा झाकतो आणि काही काळाने स्वतःही तडकतो. त्यामुळे भेगा एकावर एक जुळत नाहीत आणि सलग वाट पोलादापर्यंत सहसा पोहोचत नाही. ग्राइंडिंगच्या वेळी फार उष्णता निर्माण झाली तर मात्र या तुटक भेगा एकमेकींना मिळू शकतात. मग खारे पाणी आत शिरते, क्रोमखालचे पोलाद गंजते, गंज मुलाम्याला वर उचलतो आणि त्याच्या धारेने सील कापले जाऊन तेल गळू लागते. बारीक आणि पुष्कळ भेगा वाईट, असा सरसकट निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल: निकेलवरील शोभेच्या क्रोममध्ये अशा भेगा मुद्दाम पाडतात, कारण गंजण्याची क्रिया अनेक ठिकाणी वाटली गेल्याने एकही खड्डा खोल जात नाही. मोठ्या आणि मोजक्या भेगाच अधिक घातक.

क्रोमिक आम्लातील सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने युरोपीय संघात 21 सप्टेंबर 2017 पासून त्याच्या वापरासाठी विशेष परवानगी लागते, आणि टंगस्टन कार्बाइडचा फवारलेला मुलामा हा त्याला एक पर्याय ठरला आहे. क्रोमचे दांडे वापरात आहेत तोवर यंत्रमालकांनी एवढे तरी करावे, की पावसाळ्यात यंत्र उभे ठेवताना दांडे सिलिंडरच्या आत ओढून घ्यावेत आणि जो भाग उघडा राहील त्यावर ग्रीस चोपडावे.