वाहते रक्त आणि तीन तासांची मुदत

सुगी आली की मळणीयंत्रे रात्रंदिवस चालू असतात. कुणाचा हात यंत्रात जातो, कुणी ट्रॅक्टरखाली सापडतो. कडबाकुट्टीला तर हंगामही लागत नाही. माणूस दगावला की आपण म्हणतो, रक्त फार गेले. ते खरेच, पण ते थांबले का नाही, हेही समजून घ्या.

शेताचा बांध फुटला तर तुम्ही दगडमाती टाकून भगदाड बुजवता. शरीरही तेच करते. रक्तातल्या बारीक चकत्या जखमेपाशी गोळा होतात, त्यांवर धाग्यांचे जाळे विणले जाते आणि गुठळी धरते. विळा लागला तर एवढ्याने भागते. मोठ्या अपघातात मात्र गुठळी विरघळवणारा शरीरातलाच एक रस वेळेआधी सुटतो. एरवी जखम भरताना साफसफाई करणे हे त्याचे काम. इकडे माती टाकावी आणि तिकडून पाण्याने ती वाहून न्यावी, तशी गत होते. भरीस भर म्हणून अंगभर दाह सुरू होतो. जखम हाताची असली तरी पुढे फुप्फुसे आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात. अंग गार पडले की रक्त गोठणे आणखी मंदावते. सलाईन फार चढवली तर उरलेले रक्त पातळ होते. म्हणून ‘डॉक्टरसाहेब, आधी बाटली लावा’ असा हट्ट धरू नका. अशा जखमीला रक्त हवे असते.

गुठळी टिकवणारे औषध मात्र आहे. नाव ट्रॅनेक्झामिक अॅसिड. जपानच्या उताको ओकामोतो या संशोधक बाईंनी पतीसह 1962 साली ते पुढे आणले. तान्ही लेक पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करीत. आपल्या बायकांना यात नवल वाटायचे नाही! पुढे 40 देशांतल्या वीस हजारांवर अपघातग्रस्तांवर त्याची परीक्षा झाली, त्यांत भारतातलेही जखमी होते. 2010 साली निकाल आला: औषध न मिळालेल्यांत शंभरी 16 दगावले, मिळालेल्यांत साडेचौदा. फरक लहान दिसतो, पण औषध स्वस्त आहे. पहिल्या तासात दिले तर गुण सर्वांत जास्त. तीन तासांनंतर मात्र अपायाचा धोका. म्हणून ते घरी आणून ठेवायचे नाही, डॉक्टरांनीच शिरेतून द्यायचे. दवाखान्यात पोचताच अपघात किती वाजता झाला ते सांगा.

तोवरचे काम तुमच्या हातात आहे. स्वच्छ पंचा जखमेवर घट्ट दाबून धरा आणि बघण्यासाठी उचलू नका. हळद, चुना, चहाची पूड भरू नका. हातापायाचे रक्त दाबूनही थांबेना, तर जखमेच्या वर चार बोटे अंतरावर, सांधा सोडून, रुंद पट्टी आवळा आणि वेळ लिहून ठेवा. सुतळी नको, ती मांसात रुतते. दुखते म्हणून अॅस्पिरिन देऊ नका, त्याने रक्त गोठायला अडथळा येतो. ओले कपडे काढून जखमीला घोंगडीत गुंडाळा, भर उन्हाळ्यातसुद्धा. शेजारी हसले तर हसू द्या.

महाराष्ट्रात 108 क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका 2014 पासून आहे. फोन लगेच करा, आणि रक्त देऊ शकतील अशी दोन धडधाकट माणसे मागोमाग पाठवा.