रस्ता जुना की खूण जुनी?

रिसर्च प्रपोजलमध्ये आपण एक वाक्य फार सहज लिहितो: "हा मार्ग ऐतिहासिक आहे." कशावरून? यासाठी आज दोन रस्ते पाहू. एक कॅलिफोर्नियाचा, दुसरा आपल्या ताडोबातला.

कॅलिफोर्नियात 'एल कामिनो रेआल' म्हणजे राजमार्ग, हा स्पॅनिश काळातला रस्ता. सायकलवाले गटागटाने त्यावरून जातात. वाटेत 21 मिशन, म्हणजे पाद्र्यांची धर्मप्रसार केंद्रं, आणि कडेला खांबांवर टांगलेल्या घंटा. सांगतात असं, की एका मिशनपासून दुसरं एका दिवसाच्या चालीवर, अशी आखणीच होती.

हिशोब करू. लांबी साधारण 965 किलोमीटर, टप्पे 20. सरासरी 48 किलोमीटर. सायकलने सहज होतं, पायी रोज एवढं चालणं कठीण. आता स्थापनेची वर्षं बघा. पहिलं मिशन 1769 मध्ये दक्षिणेला सॅन दिएगोत, दुसरं 1770 मध्ये थेट शेकडो किलोमीटर उत्तरेला मॉन्टेरेत. मधल्या जागा नंतर भरत गेल्या, शेवटचं मिशन 1823 चं. म्हणजे सुरुवातीपासून तशी आखणी नव्हती. आणि घंटा? त्या 1906 पासून लावलेल्या. रस्ता अठराव्या शतकातला, खूण विसाव्या शतकातली.

याने काय फरक पडतो? मिशनमध्ये घंटेच्या ठोक्यावर तिथल्या आदिवासींचा दिवस चालायचा, कामही त्यावरच. त्यांच्या वंशजांना ती घंटा शोभेची वाटत नाही. अमाह मुत्सुन समाजाच्या मागणीनंतर सांताक्रूझच्या विद्यापीठाने 2019 मध्ये आवारातली घंटा काढली.

आता ताडोबा. मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दगडी खांब आहेत. गोंड राजाची स्वारी निघाली की खांबांमधून ओढलेल्या दोराला बांधलेल्या घंटा वाजवून वर्दी देत, असं गाईड सांगतात. गोष्ट छान आहे, पण ती पुरावा नाही. तपासायची तर तीन तारखा वेगळ्या करा:

1. वाट कधीची? जुने नकाशे आणि चांदा जिल्ह्याचा 1869 चा सेटलमेंट रिपोर्ट चाळा.
2. खूण कधीची? दगड, चुना, दोन खांबांतलं अंतर मोजा. दोर घासल्याच्या खुणा आहेत का, ते बघा.
3. गोष्ट कधीपासूनची? सर्वात जुना लेखी उल्लेख शोधा, 1909 चं गॅझेटियर बघा. गावातल्या म्हाताऱ्यांनाही विचारा. गाईडचं आणि त्यांचं सांगणं जुळतं का, ते नोंदवा.

गोष्ट खरी ठरली तर गोंड राज्याच्या इतिहासाला पक्का आधार मिळेल. न तपासता छापली, तर उद्या कुणीही एका फटक्यात खोडेल, आणि सोबत खऱ्या इतिहासावरही शंका घेईल.

सरावासाठी ताडोबाच कशाला? सावली, मूल भागातली एखादी जुनी वाट घ्या. सायकलने चौघं जा: एकाने अंतर मोजायचं, एकाने फोटो, एकाने नोंदी, एकाने लोकांशी बोलायचं. फक्त या भागात वाघ आहे. वनविभागाला विचारून, भर उजेडात आणि गटानेच निघा.