‘चार्ज’ या शब्दाचे ओझे

सकाळी मोबाइल ‘चार्ज’ करून बाहेर पडलेला नागरिक बँकेत सर्व्हिस ‘चार्ज’ भरतो, कार्यालयात नव्या साहेबांनी ‘चार्ज’ घेतल्याचे ऐकतो आणि संध्याकाळी मोर्चावर लाठी‘चार्ज’ झाल्याची बातमी वाचतो. एकच शब्द इतकी निरनिराळी कामे कशी करतो, याचे उत्तर त्याच्या व्युत्पत्तीत आहे.

लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. तीवरून गाडीत माल भरणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आले. ‘कार’ आणि ‘कार्गो’ ही त्याचीच भावंडे. ओझे लादणे हा मूळ अर्थ ध्यानात घेतला, की पुढचे अर्थ उलगडत जातात. जबाबदारीचे ओझे म्हणजे पदाचा चार्ज, पैशाचे ओझे म्हणजे शुल्क. बंदुकीत दारू ठासणे हाही चार्जच. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी काचेच्या बाटलीत वीज साठवण्याच्या प्रयोगांचे वर्णन करताना हाच शब्द योजला. मराठीनेही कार्यभार, अधिभार, विद्युतप्रभार अशा प्रतिशब्दांत हे ओझे कायम राखले आहे.

मात्र न्यायालयाच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ काटेकोरपणे समजून घेणे आवश्यक ठरते. ‘चार्जशीट दाखल’ असे वाचताच अनेक जण संबंधित व्यक्तीला दोषी मानून मोकळे होतात. वस्तुतः आरोपपत्र म्हणजे तपास पूर्ण झाल्यावर पोलिसांनी न्यायालयाला सादर केलेला अहवाल होय. त्यातील पुरावा पाहून आरोप निश्चित करायचे की नाही, हे न्यायाधीश ठरवतात. खटल्यास पुरेसा आधार नसेल, तर त्या व्यक्तीला दोषमुक्त केले जाते. इंग्रजीत यालाच ‘डिस्चार्ज’, म्हणजे ओझे उतरवणे, म्हणतात. आरोप निश्चित झाले, तरी खटला चालून ते सिद्ध व्हावे लागतात. तसे न झाल्यास निर्दोष मुक्तता होते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी हे टप्पे कायम आहेत.

शेजारच्या माणसाविषयी मत बनवण्यापूर्वी बातमीतील ‘चार्ज’ नेमका कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. आरोप लादला जाणे आणि दोष शाबीत होणे यांत संपूर्ण खटल्याचे अंतर असते.